खाली न आलेली माती

गावसभेनं माझ्या नवऱ्याला, एलादिओला, खुंट्या मोजायचं काम दिलं, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. मेक्सिकोतल्या मिश्तेका भागातल्या आमच्या डोंगरावर, ओढ्यात आणि उतारावर लोखंडी खुंट्या ठोकल्यात. पाऊसकाळ सरला की वरून किती माती वाहून आली ते खुंटीवर बघायचं आणि सभेत उभं राहून सांगायचं. कामाचं मला काही नाही. पण वरच्या खुंट्या एर्मेलिंदाच्या उतारावर आहेत, आणि एर्मेलिंदा विधवा आहे, तिच्या हाताला चव आहे.

माझ्या पोरीची, ओतिलियाची, ती धर्ममाता, म्हणजे आमची कोमाद्रे. नातं बहिणीसारखं. मला मेलीला ती कधी सोसली नाही, ही खरी गोष्ट.

एलादिओ मोजायला गेला की जेवूनच येणार. "कोमाद्रेनं घेवड्यात काय पाला घातला होता कुणास ठाऊक, फार छान लागला," असं मलाच सांगणार. मनात पाप नाही त्याच्या. जन्मभर दगड रचणारा माणूस तो, दगडासारखाच सरळ. म्हणून तर जास्त राग येतो.

आमच्याकडे शेत आयतं मिळत नाही. बाप ओढ्यात आडवी दगडी भिंत घालून देतो. पावसानं डोंगराची माती ओढून आणायची, भिंतीनं ती अडवायची, भरलं की वर आणखी एक थर चढवायचा. अशी दोन शेतं एलादिओनं दोन पोरांसाठी उभी केली. तिसरी भिंत त्यानं ओतिलियासाठी एर्मेलिंदाच्या उताराखाली घातली. ती भरली तर पोर गावात राहील, नाहीतर बाकीच्यांसारखी उत्तरेला टोमॅटो तोडायला जाईल. गेलेली पोरं पुन्हा इथं राहायला येत नाहीत.

आणि नेमके तेव्हाच ओआहाका शहराहून इंजिनियर आले. एर्मेलिंदाच्या उतारावर आडवे चर खणायचे, बांधावर घायपात आणि पाइन लावायचे, माती जागची हलू द्यायची नाही. गावाच्या श्रमदानात चर खणले, त्यात आमचा शहाणा नवरा सगळ्यात पुढे. पहिल्या पावसाळ्यात भिंतीमागे पसाभर गाळ आला. पुढच्या पावसाळ्यात तेवढाही नाही. तिकडे एर्मेलिंदाचा आटलेला झरा मात्र वाहायला लागला. तिचं मेलीचं सगळंच हिरवं.

सभेच्या सकाळी मी एलादिओला अडवलं. "हातभर माती आली म्हणून सांग. चर फुकट गेले म्हणतील, पुन्हा कुणी उपसायला जाणार नाही. दोन वर्षांत बुजतील."

"खुंटी उघडीच आहे गं, माती चढलीच नाही."

"खुंटीला तोंड आहे का बोलायला? तुझ्या पोरीचं शेत आहे ते."

"मला माहीत आहे कुणाचं आहे ते," म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.

सभेत उभा राहिला. हातांत टोपी चुरगाळत म्हणाला, "खालच्या भिंतीमागे नवी माती काहीच नाही." इंजिनियर हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"टाळ्या कसल्या वाजवता?" मी उठलेच. "माझ्या पोरीचं शेत रिकामं राहिलं म्हणून? वरच्या बाईचं सोनं झालं, आम्ही खाली दगड चाटायचे?"

मग एर्मेलिंदा उठली. ती कधी आवाज चढवत नाही, तेही मला खुपतं.

"कोमाद्रे, तुमच्या पोरांची शेतं कुठून आली? माझ्या बापाच्या उतारावर कमरेएवढी माती होती. आता नुसता पांढरा खडक उरलाय. दर वर्षी खाली तुमचा मका डोलायचा आणि मी वरून बघायचे. मक्याची तोर्तिया घशाखाली उतरायची नाही माझ्या. एवढी वर्षं मी जळले, कोमाद्रे. तुम्हाला आत्ता कुठे दुसरं वर्ष आहे."

मी पदर आवळला आणि सभेतून तडक घरी निघाले.

आठवड्यानं एर्मेलिंदा दारात आली. चरांच्या मधली एक पट्टी ओतिलियानं निम्म्या वाट्यानं कसावी, म्हणाली. मी नको म्हणणार होते. पोर माझ्याआधी हो म्हणून मोकळी झाली. आता ती दिवसभर वरच असते. घरी आली की कोमाद्रे असं सांगते, कोमाद्रे तसं करते. आधी नवरा, आता पोर. मी भांडी आदळते.

पुन्हा पाऊसकाळ लागला, आणि परवा दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी भिंतीपाशी धावले. जन्माची सवय, ढग दिसला की देवाजवळ डोंगराची माती मागायची. तोंडातून निघणारच होतं, तेवढ्यात वर नजर गेली. ओतिलिया डोक्यावर पोतं घेऊन चराच्या काठानं फिरत होती, कुठे फुटतोय का ते वाकून बघत होती. एर्मेलिंदा मागून काहीतरी ओरडली, आणि माझी पोर हसली. माझ्यापाशी इतकी मोकळी कधी हसत नाही ती.

पायाशी ओढा नितळ वाहत होता. मी जळत उभी राहिले. पण माती मागितली नाही.