टेकडीवरची चूल

चैत्र सरता सरता पनवेलच्या हवेत राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजल्याचा वास दरवळतो. जळता पालापाचोळा, शेण, तापलेली माती. डोळ्यांत पाणी आणणारा, तरीही खिडकी लावू न देणारा वास! तो आला की मला पळस्प्यापलीकडची ती टेकडी आठवते आणि मन अजून हळहळते.

नव्वदच्या सुमारास आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना त्या माथ्यावर दगडांची गोल जोती सापडली, गारगोटीची इवलीशी पाती सापडली आणि एका जोत्यात, चुलीच्या जागी, राखेचा काळा थर. धातू ठाऊक नसलेल्या माणसांची ती वस्ती. उतारावरचे दगडी बांधही त्यांच्याच शेतांचे, असे सर म्हणत. त्या बांधांआड पायथ्याच्या गावातली सीताबाई अजून नाचणी पिकवत होती. कुणी रचलेला बांध कुणाच्या पोटाला आला! पण नव्या शहराला खडी हवी होती आणि खाणवाल्यांचा डोळा टेकडीवर होता. मुंबईहून पुरातत्त्व खात्याचे जाणकार साहेब येतील, राखेवरून वस्तीचे वय ठरेल आणि टेकडी वाचेल, एवढीच आशा होती.

पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडची माणसे स्वस्थ बसतील तर शपथ! सीताबाईने चार बायका जमवल्या. ढासळलेले बांध नीट रचले, जोती शेणाने सारवली, चुलीतली राख तळापर्यंत उपसून राबावर पसरली. आम्ही साहेबांना घेऊन चढलो, तर माथा लग्नघरासारखा लख्ख. सरांनी चुलीचा तळ बोटांनी चाचपला; राखेचा कणही उरला नव्हता. हे तर कालपरवाचे काम दिसते, असे साहेब सौम्यपणे म्हणाले आणि उतरू लागले. पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली सीताबाई गोंधळून गेली.

“पावनं येनार व्हतं,” ती म्हणाली, “मंग चूल साफ करायला नको?”

त्या चुलीपाशी पहिल्यांदा बसलेल्या गृहिणीनेही पाहुण्यांसाठी हेच केले नसते का? रागवायला कुणीच सापडेना, म्हणून दुःख अधिकच झाले.

त्या राखेवर त्या वर्षी नाचणी जोमदार आली. तेच त्या बांधांआडचे शेवटचे पीक. सीताबाईने आठवणीने पीठ आणून दिले; मी भाकऱ्या थापल्या, सरांनाही बोलावले. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. मग सुरुंग लागले आणि टेकडी खारघर-कामोठ्याच्या इमारतींत गेली.

परवा पुन्हा तो वास आला. मी खिडकी सताड उघडली. पळस्प्याच्या बाजूला, टेकडी दिसायची तिथे, नुसते आभाळ होते.