फाटकापर्यंत पळत आलेला डॉक्टर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्या घरी ती चर्चासुद्धा नसते. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी पदराआड हसायचे. माझी नात म्हणते, मोबाईलवर लोक आपले अनुभव लिहितात, तूही लिही आजी, मी टाईप करून टाकते. मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत मला बोलताही येत नाही. म्हणून आधी या वहीत लिहितेय... टाकायचं की नाही ते मग बघू.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. स्टँडकडून आलं की चहाच्या टपरीसमोर आमचा दवाखाना लागतो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मग अंगण आणि लोखंडी फाटक. मी तिथे अठ्ठावीस वर्षं कामाला आहे. झाडलोट, सुया-भांडी उकळणं, नंबर लावणं. हा दवाखाना काढलेले मोठे डॉक्टर आता शहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी पायातली ताकद गेली, तेव्हा दवाखाना सोडून ते नगरला लेकीकडे राहायला गेले. मी कामाला लागले तेव्हाच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांचं तरुणपण मी पाहिलेलं नाही.

कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला बसायचे. कुणी सहा महिने, कुणी वर्षभर. आणि डॉक्टरांची एक रीत होती. नवीन आलेल्याला पहिले आठ दिवस आत घ्यायचेच नाहीत! म्हणायचे, "स्टेथोस्कोप खिशात ठेव आणि बाहेर मार्थाबाईंशेजारी बस. चपलांपाशी." मार्थाबाई म्हणजे मी.

पोरांना राग यायचा. एकजण तर म्हणाला होता, "सर, मी एमबीबीएस झालोय, चपला सांभाळायला आलो नाही."

डॉक्टर म्हणाले, "अरे, मार्थाबाईंची चौथी झालीय. त्यांना जे ऐकू येतं ते तुला ऐकू यायला लागलं की मग आत ये."

त्यांचं म्हणणं असं, की पेशंट आत गेला की घाबरतो. डॉक्टरांपुढे शहाण्यासारखं बोलतो. औषध घेऊन बाहेर येतो, चपला घालायला वाकतो, तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघतं. "मुलगा बोलत नाही माझ्याशी, म्हणून जेवण जात नाही." "गोळ्या सांगितल्या तशा घेतच नाही मी." मी ते ऐकायचं आणि दारातून डॉक्टरांना सांगायचं. मग ते हाक मारायचे — "ओ बाई, चपला काढा, परत आत या." परत आत आल्याशिवाय तपासणी संपत नाही, असं ते पोरांना सांगायचे.

पोरांची चूक झाली तर पेशंटसमोर कधी बोलले नाहीत. मागच्या खोलीत न्यायचे, मला चहा टाकायला सांगायचे आणि स्वतःच्या चुका सांगत बसायचे. कुणाचा मोडलेला हात मुरगळला म्हणून बांधला, कुणाचा टायफॉइड ओळखला नाही. पोरगं रडत आत जायचं आणि हसत बाहेर यायचं.

शेवटची प्राजक्ता मॅडम. तिला त्यांच्याजवळ तीनच महिने मिळाले, मग ते नगरला गेले आणि दवाखाना तिच्यावर आला. पोरगी गुणाची आहे. पण एकटी पडली. गेल्या उन्हाळ्याच्या आधी एका पेशंटचे नातेवाईक तिच्यावर दवाखान्यात ओरडून गेले. चूक तिची नव्हतीही. पण तेव्हापासून ती बिथरलेलीच असायची. घरून वडील फोन करायचे, सोड ते खेडं, शहरात नोकरी बघ. त्याच दिवसांत मी सवयीने दारातून एका पेशंटचं काही सांगायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, पेशंटसमोर मध्ये बोलू नका. लोकांना वाटतं मला काही कळत नाही."

रागावून नाही म्हणाली. पण मी मुळात भित्री. मी बोलणंच बंद केलं.

तो एप्रिलमधला बाजारचा दिवस होता. दुपारचे साडेबारा. ओसरी भरलेली. हिराबाई नावाची पन्नाशीची बाई आली. आष्टीकडची, लेकीच्या बाळंतपणाला आमच्या गावात आलेली. आमच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आली होती. छातीत जळजळ होते म्हणाली. मॅडमने बीपी बघितलं, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, तिखट बंद करा म्हणून सांगितलं.

हिराबाई बाहेर आली, चपला घालायला वाकली आणि गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "पायरी चढली की जबडा लई ठणकतोय बाई. दात पाडून घ्यावा म्हन्ते."

मोठ्या डॉक्टरांनी हे प्रत्येक पोराकडून घोकून घेतलं होतं — चालताना जबडा दुखतो म्हणणाऱ्या बाईचा दात बघू नका, आधी हृदय बघा. बायकांचा हार्ट अटॅक असा चोरासारखा येतो. मी उठले. दारापर्यंत गेले. आत एक लहान लेकरू किंचाळत होतं, मॅडमच्या कपाळावर आठ्या होत्या.

मी परत येऊन स्टुलावर बसले.

खोटं कशाला लिहू. बसले. हिराबाई उन्हातून फाटकाकडे गेली आणि मी नुसती तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग कुणीतरी नंबर विचारला आणि मी मान वळवली.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. हिराबाई परत ओसरीवर! घामाने निथळलेली आणि वैतागलेली.

"काय बाई तुमची तऱ्हा! एकदाच काय ते इचारायचं की. त्यो तुमचा दुसरा डाक्टर पार फाटकापतुर पळत आला."

मी म्हटलं, "कोण दुसरा डॉक्टर?"

"तरना पोरगा हाय न्हवं का, चष्मेवाला? पांढरा कोट, खिशाला निळी शाई सांडल्याली. धापा टाकत हुता. म्हनला, मावशी, घरी जाऊ नगा, जबड्याचं मॅडमला सांगा, म्या हात जोडतो. माझ्या लेकावानी वाटला, म्हनून आले."

दवाखान्यात मॅडम सोडून दुसरा डॉक्टर नाही. आणि जबड्याचं हिराबाई फक्त माझ्याजवळ बोलली होती.

पण विचार करायला वेळ कुठे होता! मी तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर आत शिरले. "मॅडम, हिचा जबडा दुखतोय. पायरी चढली की दुखतोय." आवाज माझाच होता, मलाच ओळखू आला नाही.

मॅडमने माझ्याकडे बघितलं. ते लेकरू आईकडे दिलं आणि ईसीजीचं मशीन ओढलं. कागद बाहेर यायला लागला तसा तिचा चेहरा पांढरा पडला. हिराबाईला गोळी चावायला दिली, जावयाला बोलावलं, जीप आली, आणि मॅडम स्वतः तिच्यासोबत नगरपर्यंत गेली. ऑपरेशन झालं. हिराबाई वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमला सगळं सांगितलं. मी ऐकलं होतं, आणि मी गप्प बसले होते, हेही. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "तुम्हाला गप्प मी केलं, मावशी." मग आम्ही समोरच्या टपरीवाल्याला विचारलं, काल फाटकापाशी कुणी पांढऱ्या कोटातला दिसला का? तो म्हणाला, "न्हाई बा. ती बाई एकटीच हुबी हुती, माना हलवत बोलत हुती. मला वाटलं मोबाईल हाय कानाला."

रविवारी आम्ही दोघी एसटीने नगरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मला बघून म्हणाले, "काय मार्थाबाई, ही पोरगी अजून चपलांपाशी येऊन बसते का नाही?" मॅडम हसली. मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टर मजेत ऐकत होते. निळ्या शाईचं आलं तसे थांबले.

"चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला होता का?"

आम्हाला काय माहीत? मॅडमने हिराबाईच्या लेकीला फोन लावला, तिने आईला दिला. स्पीकरवर हिराबाई म्हणाली, "व्हय, उजव्या काडीला, काळा दोरा. का वं?"

डॉक्टरांनी आम्हाला जवळ बसवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मागच्या खोलीत कुठल्याच पोराला सांगितलेलं नव्हतं. दवाखाना काढला त्या पहिल्या वर्षी एक बाई आली होती. पित्ताची गोळी दिली. चपला घालताना ती जबड्याचं काहीतरी पुटपुटली. त्यांनी खुर्चीतून ऐकलं, पण ओसरीवर गर्दी होती. "ती फाटकापर्यंत जाताना मला दिसत होती. वाटलं पळत जावं, परत आणावं. पण लोक काय म्हणतील, नवीन डॉक्टर, स्वतःलाच खात्री नाही... म्हणून उठलो नाही. संध्याकाळी ती गेली." चष्मा तेव्हा मोडलेला होता. कोट एकच होता, त्याच्या खिशात पेन गळलेलं.

प्राजक्ता मॅडमने त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, "सर, मी कुठे जाणार नाहीये. वडिलांना कळवलंय." ते तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. जिवंत माणूस, नगरला खुर्चीत बसलेला. त्याच वेळी त्याचं तरुणपण आमच्या अंगणात कसं पळालं? चर्चच्या पाळकांना विचारलं, तेही नुसते हसले. मॅडम म्हणते, मावशी, याचा विचारच करू नका. पण विचार येतोच.

निघताना आम्ही जिन्यापर्यंत आलो तेव्हा आतून डॉक्टरांनी हाक मारली. मी परत गेले. ते वॉकर धरून कसेबसे उभे राहिले होते. डोळे भरलेले.

"मार्थाबाई, त्याने तिला गाठलं ना? फाटकाच्या आतच?"

म्हटलं, "हो डॉक्टर. आतच गाठलं."