मुचेमीसाठी चोवीस तुकडे

करातिनाच्या बाजारात जुनी खेळणी विकणारे चिक्कार, पण लहान मुलाला तुकडे जोडायचं कोडं घ्यायचं तर लोक न्यागुथीच्याच फळीपुढे उभे राहतात. परदेशातून येणाऱ्या गाठोड्यांत जिगसॉचे तुकडे कसेही कोंबलेले असतात, दहा चित्रांची खिचडी. न्यागुथी ते निवडते, प्रत्येक कोडं स्वतः जुळवून बघते आणि पुरं भरलं तरच पिशवीत बांधून वर तुकड्यांचा आकडा घालते. अपुरं कोडं तिने आजवर कुणाच्या गळ्यात मारलेलं नाही.

गिऱ्हाइकाशी मात्र ती गोड बोलत नाही.

"ते पन्नासवालं द्या, शोशो," परवाच एक बाई म्हणाली. "माझा मुलगा दोनच वर्षांचा आहे, पण भारी हुशार!"

शोशो म्हणजे आजी. तिला सगळा बाजार तेच म्हणतो.

"चमचा धरतो हातात?"

"धरतो की. थोडं सांडतो."

"बुटाचा पट्टा सोडतो?"

"अजून नाही जमत."

"मग पन्नास तुकडे तू जुळवशील आणि तो चघळेल. हे ने. चार तुकडे, वर धरायला खुंट्या आहेत. हे हसत जमलं की सहावालं न्यायला ये."

"इतकं सोपं?"

"तुला सोपं. पोराला जमलं पाहिजे, पण जरा घामही फुटला पाहिजे. पहिल्याच दिवशी हरलं की ते पुन्हा कोड्याचं तोंड बघत नाही, बाई."

ही पारख तिने नवऱ्याबरोबर बसून कमावली होती. मुचेमी घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान आवरलं की दोघं चहा घेऊन समोरासमोर बसत आणि दिवसभरात निवडलेली कोडी जुळवून बघत. मुचेमी मुद्दाम तुकडे पालथे घालायचा आणि चित्र न बघता, नुसत्या कडांवरून लावायचा. ती चिडायची, "लबाडी आहे ही!" तो म्हणायचा, "मग तूही कर ना लबाडी." सहा वर्षांपूर्वी तो गेला. कोडी ती अजूनही रोज जुळवते, पण आता चिडायलाही कुणी नाही. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही.

मग मोम्बासाला राहणाऱ्या तिच्या मुलाला, वांबुगुला, पहिला मुलगा झाला. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं ही रीतच, तेव्हा तो मुचेमी झाला. अशा नातवाला आजीने 'माझा नवरा' म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं, हेही ठरलेलंच. फोनवर न्यागुथी विचारायची, "माझे कारभारी जेवले का?" आणि सून न्याकिओ म्हणायची, "जेवले, आई, आणि रुसून बसलेत." सगळे हसत. न्यागुथीही हसे, पण तिची थट्टा निम्मीच थट्टा होती. माणूस नावाबरोबर परत येतो असं म्हणतात, आणि तिला ते खरं मानायचंच होतं.

बारशानंतर तिने पोराला पाहिलं नव्हतं. आता ते एका लग्नासाठी न्येरीला येणार होते आणि रविवारी दुपारी तीन तास तिच्याकडे थांबणार होते. तिने आठ महिन्यांपूर्वीच एक कोडं बाजूला काढून ठेवलं होतं. पुलावरून जाणारी आगगाडी, चोवीस तुकडे.

शेजारी कांदे विकणारी गाथोनी ते बघून म्हणाली, "दोन वर्षांच्या पोराला चोवीस? दुसऱ्या कुणी बाईने मागितले असते तर तू तिला हाकललं असतंस."

"त्याला जमेल. तो कोण आहे, विसरलीस?"

गाथोनी पुन्हा कांदे निवडायला लागली. बोलून उपयोग नव्हता.

रविवारी न्यागुथीने बटाटे-मका कुस्करून मुकिमो केलं, कोंबडी केली, आणि जेवणं होताच पोराला जमिनीवर आपल्या समोर बसवून तुकडे पसरले.

"हं, कारभारी. लावा."

पोराने एक तुकडा उचलला, चाटला, टाकून दिला. तिने तो पालथा करून त्याच्या हातात दिला आणि थोडं थांबली. मग बोट धरून दाखवलं. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा तिने बोट जरा जोरातच धरलं. पोराने मूठभर तुकडे भिरकावले आणि भोकाड पसरलं. ती उचलायला गेली तर तो किंचाळून आईच्या मांडीत घुसला.

"अहो आई, दोन वर्षांचा आहे तो," न्याकिओ हळूच म्हणाली. "बाबा नाहीत ते."

न्यागुथीने विखुरलेले तुकडे गोळा करून पिशवीत भरले. दुपारभर पोर तिच्याकडे फिरकलं नाही, आणि निघायला अर्धा तास उरला. तिने खांद्यावर शाल टाकली आणि बाजाराची वाट धरली. मागून वांबुगु ओरडला, "अगं आई, आम्ही निघतोय!" ती थांबली नाही. बंद बाजारात तिने आपली फळी उघडली आणि प्रथमच नातवाचा विचार गिऱ्हाइकाच्या पोरासारखा केला. चमचा धरतो, सांडतो. सगळं तोंडात घालतो. लवकर चिडतो. तिने लाकडी पाटी काढली: कोंबडी, गाय, बकरी, तीन तुकडे, तीन खुंट्या.

ती धापा टाकत परतली तेव्हा गाडी सुरू झाली होती आणि पोर मागच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं होतं. तिने खिडकीतून पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने कोंबडी उचलली, गाईच्या जागी दाबली, चिडला, फिरवली, मग शेजारी नेली आणि ती बसली. तो आधी पाटीकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं आणि सगळे दात दाखवून हसला.

ते हसू मुचेमीचं नव्हतं. नाक, हनुवटी, काहीच त्याचं नव्हतं. तिचा मुचेमी कुठूनही परत येणार नव्हता, आणि हे तिला त्याच्या दफनाच्या दिवशीसुद्धा इतकं कळलं नव्हतं.

"आई, उशीर होतोय गं," वांबुगु म्हणाला.

"जा, जा." तिने पोराच्या गालाला हात लावला. "शाब्बास, बाळा."

न्याकिओने चमकून तिच्याकडे बघितलं. आज ती त्याला कारभारी म्हणाली नव्हती.

गाडी हलली तेव्हा पोराने गाय उचलली होती. ती कुठे लावली, ते न्यागुथीला दिसलं नाही.