पावणेदोन विती

कारखान्याच्या तेलाच्या टाक्या धुणाऱ्या टोळीत माणसं दोनच तऱ्हेची. एक आत उतरणारी, दुसरी वर दोरी धरून उभी राहणारी. मुंगूस एकोणिसाव्या वर्षापासून आत उतरणाऱ्यांतला. हे नाव टोळीनंच पाडलं. टाकीचं तोंड पावणेदोन विती रुंद, आणि तो त्यातून असा सुळकन जायचा की वरच्याला दोरी सोडायला वेळ पुरायचा नाही. सव्वीस वर्षं त्यानं टाक्यांचे तळ खरवडले. गाळ डांबरासारखा चिकट, वास असा की घरी उशीलाही यायचा. पण तो वर आला की कुणीतरी पाण्याची बादली घेऊन उभं असायचं. दोरीवाल्यासाठी कुणी कधी बादली भरत नाही.

चाळिशी उलटली आणि पोट सुटलं. खाणं तेच होतं, पण ते आता जागा धरून बसायला लागलं.

टोळीच्या आवारात तुळईला एक लोखंडी कडं टांगलेलं असे, बरोबर टाकीच्या तोंडाएवढं. मोठी सफाई निघायच्या आधी आत जाणाऱ्या प्रत्येकानं अंगावर दोरी अडकवायचे पट्टे चढवून त्यातून पार व्हायचं, अशी तिथली रीत. यंदा सफाईला तीन आठवडे असताना मुकादमानं सगळ्यांना कड्यातून काढलं. मुंगूस छातीपर्यंत गेला आणि पोटावर अडकला.

"मुंगशा, कितवा महिना रे?" कुणीतरी विचारलं.

सगळे हसले. मुंगूसही हसला. दोघांनी पाय धरून त्याला मागं ओढलं, तेव्हा पोटावर लाल वळ उठला होता.

मुकादम हसला नाही. "तीन आठवडे आहेत. कड्यात बसलास तर बसलास. नाहीतर यंदा तू दोरी धर, तुझा मेव्हणा आत जाईल."

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आठ वर्षं तोच मुंगसाची दोरी धरत आला होता. तो बुटाच्या टोकानं माती उकरत उभा राहिला. मुंगसाला त्याचा राग आला, कारण त्यानं नाही म्हटलं नव्हतं.

कारखान्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी वजन केलं. चौऱ्याण्णव.

"किती कमी करायचंय?"

"दहा किलो."

"केव्हापर्यंत?"

"तीन आठवड्यांत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, अंग आहे हे. पिळून वाळत घालायचं फडकं नव्हे. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. दोन्ही वेळा जेवायचं. अंडी, दूध, कडधान्य पोटात जाऊ द्या. तळलेलं, गोड आवरा. रोज चाला, हातांना काम द्या. पाच-सहा महिन्यांत जाईल वजन."

"आणि काहीच खाल्लं नाही तर?"

"तर काटा उतरेल. आधी पाणी जाईल, मग चरबीबरोबर मांसही जाईल. चरबी घरजावयासारखी चिवट असते, उपाशी ठेवून एकदम उठत नाही. ताकद मात्र लगेच जाईल."

त्यांनी कागदावर आठवडे मांडून दिले. पहिल्या तीन आठवड्यांपुढे जेमतेम अडीच किलो होते. मुंगसानं कागद घडी करून खिशात घातला, बाईंना बरं म्हणाला, आणि बाहेर पडल्यापडल्या ठरवलं की ह्या बाईला टाकीतलं काय कळतंय.

घरी तो सांगायचा, कामावर खाल्लं. कामावर सांगायचा, घरून जेवून आलोय. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून आडवा. अंगाला प्लास्टिक गुंडाळून तो भर दुपारी आवाराला फेऱ्या घालायचा. बायकोनं एकदा ताट पुढं सरकवत विचारलं, "माझ्या हाताची चव गेली का तुमची जीभ?" तो तिच्यावर इतका खेकसला की पुन्हा तिनं विचारलं नाही. शेवटचे तीन दिवस त्यानं पाण्याचेही घोट मोजले.

काटा शहाऐंशीवर आला. कड्यातून तो घासत, खरचटत, पण पार झाला. टाळ्या पडल्या. आदल्या आठवड्यात भरलेली बादली नेताना ती दोनदा खाली टेकवावी लागली होती, ते त्यानं वयावर ढकलून दिलं.

सफाईच्या दिवशी टाकीच्या तोंडाशी मुकादम प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं, वरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"झोपलास का?"

"झोपलो."

"प्यायला आहेस का?"

"नाही."

"जेवलास का?"

"जेवलो," मुंगूस म्हणाला.

आतली हवा तपासून झाली, पंखा लागला, मेव्हण्यानं दोरी घेतली. उतरणं सोपं. अंगाचा भारच माणसाला खाली नेतो. तळाशी तो तासभर खरवडत राहिला. मधेच भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या, मग लांब गेल्या. तेव्हा मात्र तो शहाण्यासारखा शिडीकडे वळला.

शिडी तोंडाच्या दोन हात खालीच संपते. तिथून पुढं कडेवर कोपरं टेकायची आणि स्वतःला वर ओढायचं. हजार वेळा केलेलं काम. मुंगसानं डोकं बाहेर काढलं, कोपरं टेकली, आणि दंडांत काहीच नव्हतं. भिजलेल्या चिंध्या जशा. पोट बसलं होतं, पण ते वर न्यायला कुणी उरलं नव्हतं.

"दाजी, चरखी फिरवू का?" मेव्हण्यानं विचारलं. तोंडावर तीन पायांचा घोडा उभा असतो, त्याला दोरी गुंडाळून वर ओढायची चरखी असते. पण ती फिरली की भोंगा वाजतो, सगळ्या टाक्यांवरचं काम थांबतं, आणि आतल्या माणसाचं नाव अपघाताच्या कागदावर जातं.

"नको. जरा दम घेतो."

"चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"तुला माझी जागा पाहिजे ना? थांब म्हटलं तर थांब."

मेव्हणा थांबला. हे शब्द नसते तर तो थांबला नसता, असं त्यानं पुढं बहिणीला सांगितलं. मुंगसाची बोटं कडेवरून एकेक करून सुटली, डोकं आत गेलं, पाय शिडीवरून निसटला, आणि दोरी ताठ झाली. मग मेव्हण्यानं चरखी फिरवली. भोंगा वाजला. मुंगूस पोत्यासारखा वर आला, तोंडाशी तिरका अडकला, आणि त्याला सोडवताना दोन बरगड्या तडकल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं जेवण कधी झालं? मुंगसानं खरं सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी मुकादम उभा होता. त्यानं टोपी घातली आणि गेला.

पुढं मुंगसानं नर्सबाईंचं ऐकलं. आवार झाडायचं काम मिळालं होतं, ते करून तो दर सोमवारी काट्यावर उभा राहायचा. दवाखान्यातून सुटल्यावर भरलेलं वजन कधी अर्ध्या किलोनं, कधी पाव किलोनं उतरलं, एका आठवड्यात तर उलट वाढलंच. बाई म्हणाल्या, असं व्हायचंच. सहा महिन्यांनी काटा ब्याऐंशीवर आला. दंड भरले. बाईंनी कागदावर तब्येत उत्तम असं लिहून दिलं. तो कागद घेऊन मुंगूस मुकादमाकडे गेला.

मुकादमानं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"चांगलं केलंस."

"मग येत्या सफाईला?"

"येत्या सफाईला तुझा मेव्हणाच."

"वजन उतरलंय माझं. रीतसर उतरवलंय."

"वजनाचं कोण बोलतंय? जाड होतास तर वर राहिला असतास, वर्षभरानं पुन्हा आत गेला असतास. पण जेवलो म्हणालास. तू तळाशी पडला असतास तर तुझ्यामागं तुझा मेव्हणा उडी टाकणार होता, त्याच्यामागं आणखी कुणी. आता तू झोपलो म्हणालास तरी मला खरं वाटायचं नाही. मग तुला आत सोडू कसा?"

मुकादमानं कागद मुंगसाच्या हातात परत दिला आणि तो फाटकाकडे कुणाला तरी हाक मारायला निघून गेला.

घरी बायको शिलाई मशीनपाशी त्याची विजार उसवत बसली होती. कंबर ढगळ झाली होती, दोरीनं बांधून किती दिवस चालणार.

"किती आत घेऊ?"

"घे चार बोटं."

"अजून उतरणार असाल तर थांबते. पुन्हापुन्हा उसवायचं म्हणजे कापड राहत नाही."

तो उंबऱ्यावर बसून बूट सोडत होता.

"नाही," तो म्हणाला. "आता उतरायचं काही राहिलं नाही. शिवून टाक."