बाई थांबतात, ट्रॅक थांबत नाही

लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले त्याच वर्षी शेजारच्या वहिनी मला नौपाड्यात आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला घेऊन गेल्या. कुमुदबाईंची ओळख तिथली. शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई पेटीवर बसल्या होत्या आणि सगळ्या बायका त्यांच्यामागून सिनेमातलं एक गाणं म्हणत होत्या. मी नुसते ओठ हलवत होते. बाईंनी ते बरोबर हेरलं.

"काय हो नव्या सूनबाई, तुम्ही म्हणत का नाही?"

"माझा आवाज तेवढा वर जात नाही."

"मग गाणं खाली आणू. त्याचे काय पाय दुखतात?"

बाईंनी तेच गाणं दोन पट्ट्या खाली घेतलं आणि मी पहिल्यांदा चारचौघींत मोकळी गायले.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून मंडळ त्यांचा सत्कार करणार आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागायला मंडळाचे कार्यवाह पराग घरी आले, तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, "काकू, जरा गोड लिहा हं." मी मॅट्रिक झालेली गृहिणी, मंडळाचा जमाखर्च लिहिते. त्यात गोड-तिखट असं काही नसतं, आहे ते लिहावं लागतं. सध्या मला राग आला आहे, तेव्हा तोच लिहिते.

बाईंनी आम्हाला मंगळवारचं गाणं दिलं; दर मंगळवारी आम्ही बायका हॉलमध्ये देवीच्या फोटोसमोर जमून गातो. गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायला मजा का येते, हे त्यांच्याइतकं कोणी ओळखलं नसेल. सुरुवातीला मी त्यांना टोकलं होतं, "बाई, देवीच्या फोटोसमोर सिनेमाची गाणी बरी दिसतात का?" त्या म्हणाल्या, "अगं, आरतीला काय होतं बघ. मधली कडवी निम्मे लोक पुटपुटतात आणि ध्रुवपद आलं की छत उडवतात. देवीला ते चालतं ना? मग हेही चालेल." त्यांचं म्हणणं असं, की गाण्याला परत यायची जागा हवी, मध्ये श्वासाला सवड हवी आणि टाळी कुठे पडणार ते आधी कळायला हवं. आणि गाणाऱ्याने सगळं स्वतः गाऊन टाकू नये. बाई ओळीचा शेवटचा शब्द कधीच म्हणत नाहीत. पेटीचा भाता धरून थांबतात, आमच्याकडे बघतात आणि तो शब्द आम्ही म्हणतो.

हे थांबणं किती मोठं आहे ते मला शोभामुळे कळलं. शोभा आमच्यातली, कळव्याला राहते. तिला अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं गेलं. आम्ही भेटायला जायचो आणि तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायचो. बाई मात्र रिक्षा करून पेटी घेऊन गेल्या. ओळ म्हणायची आणि थांबायचं, पुन्हा ओळ म्हणायची आणि थांबायचं. चहा निवला तरी त्या थांबलेल्याच. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी शोभाने ओळीचा शेवटचा शब्द म्हटला, वाकडा पण सुरात. आजही तिला पाणी मागता येत नाही, पण मंगळवारी ती गायला लागली. एका शब्दाने मागे असायची एवढंच.

आता रागाचं. यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंडळाने बाईंची पेटी कोपऱ्यात ठेवली आणि कराओकेचे ट्रॅक लावले. मूळ गायिकेच्या पट्टीतले, सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारे. बायका दुसऱ्या ओळीलाच गप्प झाल्या. शोभा तेवढी गात राहिली, एक शब्द मागे. पुढच्या रांगेतून कोणीतरी वळून "श्श" केलं. तिने पदर तोंडावर धरला. त्यानंतर ती एकाही मंगळवारी आलेली नाही.

मी परागना विचारलं, "हे काय केलंत?"

"काकू, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करतो, त्यात बेसूर येतं ना."

"मग रेकॉर्डिंग बंद करा. बायका कशाला बंद करता?"

ते हसले. मला हसू आलं नाही. आता कळतं की सत्काराच्या दिवशीही ऑर्केस्ट्रा आहे. बाईंनी शाल घेऊन खुर्चीत बसायचं आणि आम्ही शांतता राखायची. मी तणतणत बाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, पोरांची हौस आहे." बाई, मोठेपणाला मान देऊन सांगते, मला तुमचाही राग आला. आम्हाला गायला लावून आता तुम्हीच गप्प बसणार?

हा ग्रंथ हॉलच्या दारात वाटणार आहेत, म्हणजे हे वाचताना तुम्ही सगळे खुर्च्यांवर बसलेले असाल. परमेश्वराने कुमुदबाईंना शंभरी द्यावी, गुडघे आणि गळा धड ठेवावा, हे मी रोज दिवा लावताना मागते. पण ते वय त्यांनी खुर्चीत बसून काढावं असं मी मागितलेलं नाही. ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी पेटी मागा. बाई नाही म्हणतील, तरी मागा. शोभाला मी हाताला धरून आणलेलं असेल, ती दुसऱ्या रांगेत भिंतीकडे बसलेली असेल. बाई ओळ म्हणून थांबल्या की घाई करू नका. तिचा शब्द येऊ द्या.