शिळ्या ब्रेडच्या शोधात

हळू बोलणारा माणूस ऐकतही नीट असेल, असा लोकांचा समज असतो. माझ्याबद्दलचा हा समज पंचावन्न वर्षे टिकला आणि तो दूर करण्याची घाई मीही कधी केली नाही. मी शाळेत गणित शिकवतो. मागच्या बाकांवरची मुले "सर, ऐकू नाही येऊन राहिलं" म्हणतात, तेव्हा मी दोन पावले पुढे जातो. आवाज मात्र वाढवत नाही. घरी पत्नी काही सांगू लागली की मी मान किंचित झुकवतो आणि "बरोबर आहे" म्हणतो. या दोन शब्दांनी आमच्या संसारात किती वेळा ऐकण्याची जागा घेतली असेल, याचा विचार मी गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवापर्यंत केला नव्हता.

आमच्या वसाहतीतल्या मराठी बायकांचे एक मंडळ आहे. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मंदिराच्या सभागृहात त्यांचे हळदीकुंकू होते. कचोरी आणि मसाला दूध हा बेत वर्षानुवर्षे ठरलेला. माझी पत्नी या मंडळात तिळगुळाच्या पुड्या बांधण्याचे काम करी आणि बैठकीत गप्प बसे. गेल्या वर्षी मात्र तिने सुचवले, की थंडी आहे तर गरम टोमॅटोचे सूप करू आणि वर ब्रेडचे कुरकुरीत तुकडे घालू. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जातो. त्या म्हणाल्या, "सूप? अहो, ते ताप आल्यावर पितात." सगळ्या हसल्या. तेव्हा पत्नी म्हणाली, "एकदा खाऊन तर बघा. नाही आवडलं तर यापुढे बैठकीत मी तोंड उघडणार नाही." अध्यक्षबाईंनी "ठरलं" म्हटले आणि वहीत लिहूनही घेतले. हे सारे पत्नीने मला तीनदा सांगितले; त्यातले तिसऱ्या वेळचे मी ऐकले.

चाळीस बायकांचे सूप मंडळातल्या दोघीजणी मंदिरातल्या स्वयंपाकघरात करणार होत्या. तुकडे पत्नीकडे होते. पंधरा दिवस तिने उरलेल्या ब्रेडचे काप आणि कडा फ्रिजमध्ये साठवल्या. मग त्यांचे बोटाच्या पेराएवढे चौकोन कापले, मोठ्या परातीत पसरले आणि पांढऱ्या फडक्याखाली तीन दिवस गच्चीवर वाळवले. रविवारी दुपारी ते तुपात लसूण आणि मिरपूड घालून परतायचे, आणि शेवटी ओरेगॅनो भुरभुरायचा. मुलगी सुट्टीत घरी आली की पिझ्झा मागवते. त्याबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या आमच्या खणात ढिगाने साठल्या होत्या. त्या कधीतरी लागतील असे पत्नी म्हणे. आता त्या लागणार होत्या.

माझीही ब्रेडशी एक वेगळी ओळख आहे. रोज सकाळी मी तापीच्या घाटावर जातो आणि घरातल्या शिळ्या पोळ्या, ब्रेड माशांना घालतो. गच्चीच्या कठड्याजवळ त्यासाठी एक डबा ठेवलेला असतो. त्यात जे असेल ते मी न विचारता उचलतो. घाटावरचे लोक मला ओळखतात, नमस्कार करतात. त्या नमस्कारातला काही भाग पोळ्या करणारीचा आहे, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी चहा घेताना पत्नी म्हणाली, "उद्या परात गच्चीवरच आहे, डब्याशेजारी. ते माशांचं नाही बरं का."

मी म्हणालो, "बरोबर आहे." मी त्या वेळी सराव परीक्षेतल्या एका उदाहरणाचा विचार करत होतो, ज्यात टाकी साडेचार तासांत भरायला हवी होती आणि माझ्या उत्तरात ती भरतच नव्हती.

रविवारी सकाळी डबा रिकामा होता आणि शेजारची परात भरलेली. मी फडके घडी करून बाजूला ठेवले, तुकडे पिशवीत ओतले आणि निघालो. कबूल केले पाहिजे, की माशांसाठी इतके एकसारखे चौकोन कापलेले पाहून मला पत्नीचे कौतुक वाटले. पाण्यात पहिली मूठ पडताच माशांची अशी झुंबड उडाली, की घाटावर कपडे धुणारा एकजण उठून पाहायला आला. "गुरुजी, आज तो इनकी दावत है!" तो म्हणाला. मी नम्रपणे हसलो.

आठ वाजता घरी परतलो तेव्हा गच्चीवर बोलणे चालले होते. पत्नीच्या हातात रिकामी परात होती, आणि शेजारच्या काकू मधल्या भिंतीवरून अर्ध्या आमच्या गच्चीत आल्या होत्या.

"वानरच! दुसरं कोण?" काकू सांगत होत्या. "रोज येऊन राहिले मेले. आत्ता अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः पाहिलं, टाकीवर बसून कटाकटा खात होतं. एवढं मोठं!"

"फडकं नीट घडी करून ठेवलंय हो," पत्नी म्हणाली.

"अहो, आजकालची वानरं!"

मग पत्नी माझ्याकडे वळली. "तुम्हाला काही दिसलं का हो जाताना?"

काय घडले आहे ते मला त्या क्षणी कळले. आदल्या संध्याकाळचे तिचे वाक्य, मी न ऐकलेले, शब्दन् शब्द कानात उभे राहिले. ते सांगून टाकण्याऐवजी मी मान किंचित झुकवली आणि म्हणालो, "वानर असेल." हा 'असेल' मला आजही बोचतो. खोटे बोलायचेच होते, तर निदान काकूंसारखे ठामपणे बोलायला हवे होते.

"मी ब्रेड घेऊन येतो," असे म्हणून मी जिना उतरलो. आपण भरपाई करायला निघालो आहोत अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे तर मी पळून जात होतो.

सिंधीपुऱ्यातल्या एका दुकानात पोहोचल्यावर मला आठवले, की या तुकड्यांना ताजा ब्रेड चालत नाही. मी शक्य तितक्या हळू विचारले, "शिळा ब्रेड आहे का?"

"क्या बोले?"

"बासी ब्रेड. दो-तीन दिन पुराना."

दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला. "मास्टरजी, बीस साल से दुकान है. आज तक किसी ने हमारे यहाँ बासी माल नहीं देखा." आणि मागे वळून मुलाला ओरडून म्हणाला, "सुना? बासी माँग रहे हैं!" दुकानातली चार गिऱ्हाईके माझ्याकडे पाहू लागली. पुढच्या दोन दुकानांतही तेच झाले. फक्त चौथ्याने, माझी दया येऊन, आदल्या दिवशीचा म्हणून जो दिला तो हाताला गरम लागत होता.

घरी पत्नीने त्यातला एक काप घेऊन सुरी फिरवली. ब्रेड दबला, पण चौकोन पडला नाही. "हा तूप पिऊन बसेल," ती शांतपणे म्हणाली. "कुरकुरीत व्हायला दोन दिवस वाळायला हवा. आपल्याकडे चार वाजेपर्यंत वेळ आहे." तिने हात पुसले आणि फोन उचलला. "अध्यक्षबाईंना सांगते, कचोऱ्यांचं बघा म्हणून. वानरानं खाल्लं म्हटलं तर विश्वास ठेवतील का हो? हसतील फक्त."

ती नंबर शोधत होती. तिचा अंगठा थोडा थांबत होता. या एका फोननंतर ती त्या बैठकांत पुन्हा पुड्या बांधत बसेल, आणि ते माझ्या दोन शब्दांमुळे, हे मला सहन झाले नाही.

"वानर नव्हतं," मी म्हणालो. "मी होतो."

"काय? मोठ्यानं बोला."

"परात मी रिकामी केली. तुकडे माशांना घातले. तू काल सांगितलंस ते मी ऐकलंच नव्हतं."

नंबर शोधायचे सोडून तिने माझ्याकडे पाहिले. मी मान झुकवणार होतो, पण ती सवय ऐन वेळी ओळखून सरळ ठेवली.

"सगळे?" तिने विचारले.

"सगळे."

"खाल्ले तरी का?"

"फार आवडीने."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला; पण हसण्याआधी तिने फोन खाली ठेवला आणि राग जागेवर आणला. "आणि मघाशी काकूंसमोर 'असेल' म्हणालात! त्या बिचाऱ्या आता वानरावर काठी घेऊन बसल्यात." मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "जा आता. पिशवी घ्या आणि दारोदार फिरा. प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये ब्रेडच्या कडा पडलेल्या असतात, कोणी खात नाही, टाकवतही नाहीत. फ्रिजमधलाच मागा, तो सुकलेला असतो. आणि का हवाय ते खरं सांगायचं. वानर काढायचं नाही."

मी काकूंच्या दारापासून सुरुवात केली, कारण तिथे सर्वांत कठीण जाणार होते. माझे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "पण वानर मी पाहिलं होतं हो!" मग आत जाऊन पाच काप घेऊन आल्या. "मास्तर, दुसऱ्याच्या परातीतलं पुण्य पचतं का हो तुम्हाला?"

"नाही पचलं," मी म्हणालो.

दुसऱ्या घरी मी ही हकिगत पुटपुटतच सांगितली. तिसऱ्या घरी मी ती जरा मोठ्याने सांगितली, कारण दार उघडणाऱ्या भाभींच्या मागे मिक्सर चालू होता. "मछलियों को खिला दिया? भाई साहब, आप भी!" त्यांनी मिक्सर बंद करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले आणि आतून सासूबाईंना बोलावले. शाहपूरहून लेकाकडे राहायला आलेल्या एका आजींच्या घरी ब्रेड नव्हता. त्यांनी माझ्या हातात जिऱ्याच्या टोस्टचा पुडा दिला. "हे घे रे भाऊ, हे तर आधीच कडक आहे. तुझ्या बायकोला एवढी अक्कल नाही का?" ते गोड असतात, हे त्यांना समजावण्याइतका वेळ नव्हता. मी टोस्ट घेतले, आणि त्यांच्या आग्रहाने सोबत अर्धा डझन केळीही घ्यावी लागली. नऊ घरांत मिळून पिशवी भरली. पांढरा ब्रेड, तपकिरी ब्रेड, एक पाव, बऱ्याच कडा. सातव्या-आठव्या दारापर्यंत माझ्या लक्षात आले होते, की गोष्ट मी सांगण्याआधीच तिथे पोहोचली आहे आणि लोक पिशवीचे तोंड उघडे धरून वाट पाहत आहेत.

बारा वाजता आम्ही कापायला बसलो. पत्नीने मला सुरी दिली आणि मापाला एक चौकोन समोर ठेवला. गणिताचा शिक्षक असूनही माझ्या घनांच्या बाजू समांतर होत नव्हत्या. मग जाड बुडाची कढई, मंद आच आणि कोरडेच परतणे: आधी ब्रेडमधला उरलेला ओलावा जाऊ द्यायचा, तूप त्यानंतर. पहिला घाणा मी घाईने तूप घालून बिघडवला. तुकडे बाहेरून काळे आणि आतून मऊ झाले.

"काय सांगितलं होतं मी?" पत्नीने विचारले.

"कोरडे होईपर्यंत तूप नाही. हाताला हलके लागले पाहिजेत."

"ऐकलं होतं तर!"

"ऐकलं होतं. धीर धरला नाही."

"बरं, हे तरी नवीन आहे," ती म्हणाली आणि बिघडलेला घाणा खाऊन टाकू लागली. मलाही दिला. वाईट नव्हता.

दुसऱ्या घाण्यापासून तिने मला एक परीक्षा शिकवली. कढईतला एक तुकडा स्टीलच्या ताटलीत उंचावरून टाकायचा. नुसता थप्प आवाज आला तर आणखी परतायचे, टण् वाजला तर उतरवायचे. लसूण ती स्वतः ठेचून तुपात घालत होती, तो लाल होण्याआधी तुकडे वर टाकत होती. आच बंद केल्यावर मीठ, मिरपूड आणि पुड्या फोडून ओरेगॅनो. वासाने काकू पुन्हा भिंतीवर आल्या, आणि या वेळी वानराची गोष्ट न काढता मूठभर तुकडे चवीला घेऊन गेल्या. पावणेचारला दोन मोठे डबे भरले. ते मी मंदिरात पोहोचवले आणि सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या रांगेजवळ उभा राहिलो, कारण आत पुरुषांचे काम नव्हते.

आत वाट्या फिरल्या. पत्नीने प्रत्येकीच्या सुपावर अगदी शेवटच्या क्षणी मूठभर तुकडे घातले, ते भिजू नयेत म्हणून. बाहेरपर्यंत फक्त चावण्याचा आवाज येत राहिला. मग अध्यक्षबाईंचा आवाज आला, "अहो, पण हे केलंत कसं? ब्रेड किती दिवसांचा घ्यायचा?"

"ह्यांना विचारा," पत्नी म्हणाली, "ह्यांनी केलेत," आणि दाराकडे बोट केले.

चाळीस चेहरे माझ्याकडे वळले. मी काहीतरी म्हणालो. "मोठ्यानं!" अध्यक्षबाईंनी फर्मावले, आणि मी आयुष्यात प्रथमच शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असे बोललो: "किती दिवसांचा ते सांगता येणार नाही, बाई. हा नऊ घरांचा आहे."

एवढे पुरे होते. आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या वाटीत वाकून पाहू लागल्या. "तपकिरी आला म्हणजे माझा!" "नाही हो, तपकिरी आमच्याकडचा!" "माझ्यात कड आलीय, कड तर मीच दिली होती." ज्यांना हकिगत ठाऊक नव्हती त्यांना इतर जणी सांगू लागल्या, पत्नी मधेच "तसं नाही, आधी ऐका" म्हणत दुरुस्त करत होती. ती उभी राहून बोलत होती आणि सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या.

गलका ओसरल्यावर अध्यक्षबाई उठल्या, डब्याजवळ आल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"सूप देऊ का अजून?" पत्नीने विचारले.

"सूप राहू दे," त्या म्हणाल्या. "नुसते हेच दे."