काळी चारची गिटार

आमच्या अण्णांच्या, म्हणजे मोतीरामांच्या गिटारीला कुणी जुनी म्हटलं की त्यांना राग येतो. "मुरलेली म्हना," असं लगेच सुनावतात. पन्नास वर्षं त्यांनी ती भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवली. पडेगावपासून करमाडपर्यंत एक जयंती सोडली नाही. हात घासून घासून पुढचं पॉलिश पार उडालंय. एका खुंटीची मूठ त्यांनी स्वतः बाभळीच्या लाकडातून कोरून बसवलीय. आणि तारा अडकवतात त्या घोडीमागे गिटारीचं पोट सुटलंय. ते आईमुळे. पार्टीची गायिका तीच आणि तिचा सूर काळी चार, चांगलाच चढा. तिथवर तारा ताणून ताणून लाकूड फुगलं. अण्णा पाहुण्यांना मुद्दाम तिथं हात लावायला लावतात. "मनकर्णाच्या आवाजानं ओढलंय हे," असं सांगताना त्यांची मान एवढी ताठ होते की मला हसू येतं.

यंदाच्या जयंतीला आईला चार वर्षांनी बोलावणं आलं. वय बहात्तर. भाजी चिरता चिरता ती गायला लागली आणि वर जाताना आवाज फाटला. अण्णांनी ऐकलं, मीही ऐकलं. 'सूर खाली घे' म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिनं गाणंच सोडलं असतं.

त्याच आठवड्यात गिटारीची घोडी जरा उचकटली, म्हणून मी आणि अण्णा ती उस्मानपुऱ्यात कडुबा मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी पक्की बसवून दिली. "आता बिनघोर ओढा," ते म्हणाले. "काळी पाचला न्या, नाय हलायची."

घरी आईनं विचारलं, "काय म्हनले मिस्त्री?"

अण्णांनी गिटार मांडीवर घेतली. "म्हातारी झाली म्हनले. चारचा ताण सोसत नाय. काळी दोनच्या वर नेली तर फुटंल."

मी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी गिटारीच्या पिशवीची घडी घालायला लागले.

आई चिडली. "लई मिरवत व्हते ना तिला? आता तिच्यापायी मला खाली गावं लागनार."

"व्हय. एवढं सांभाळून घे."

जयंतीला आई काळी दोनमध्ये गायली. आवाज भरदार लागला, एकदाही चिरकला नाही. मधेच ती माईकवर म्हणाली, "सूर खाली हाय, माफ करा. आमच्या ह्यांची गिटार म्हातारी झालीय."

लोक हसले. या माणसाची मुलगी असल्याचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. अण्णांनी भर मंडपात मान हलवून 'हो' म्हटलं आणि पुढच्या गाण्याचा सूर धरला.